चर्चच्या बाकावर सहा मंगळवार

इंदुरात साठांहून अधिक वर्षे काढली, पण आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर असलेल्या चर्चचे फाटक मी कधी ओलांडले नव्हते, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. नाताळात तेथील दिव्यांची आरास रस्त्यावरून पाहावी, घंटा वाजली म्हणजे आज रविवार याची आठवण व्हावी, एवढाच काय तो संबंध. वैर मुळीच नव्हते, पण ओळखही नव्हती. आपल्या जुन्या मराठी घरांतून बहुधा असाच प्रकार असतो. गणेशोत्सवातील व्याख्याने, शारदोत्सव, एखादे कीर्तन यांची आमंत्रणे दाराशी येतात. चर्चचे आमंत्रण यावयाचे कोणाकडून?

ते आले भाजीच्या गाडीवर. आमच्या गल्लीत तीन वर्षांपासून एक वृद्ध बाई राहतात. पूर्वी त्या परिचारिका होत्या, म्हणून सारी गल्ली त्यांना ‘सिस्टर’ म्हणते. मी त्यांच्याशी नेहमी हिंदीत बोलत असे, आणि त्याही तितक्याच सौजन्याने हिंदीत उत्तर देत. फेब्रुवारीतील एका सकाळी त्या कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन स्वतःशीच पुटपुटल्या, “मेली नुसती दांडीच की हो!” मी चमकलो.

“सिस्टर, तुम्ही मराठी?”

“म्हणजे काय, भाऊ! माहेर नगरचं. आमच्या घरी ‘ज्ञानोदय’ येत असे. तुम्ही कधी विचारलंतच नाही.”

‘कधी विचारलंतच नाही’ हे शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारले, पण मला ते दिवसभर पुरले. जाता जाता त्यांनी सांगितले की, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात त्यांच्या चर्चमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी एक व्याख्यान व्हावयाचे आहे. अशी सहा व्याख्याने. विषय, बायबल मराठीत कसे आले. व्याख्याते नगरकडचे एक निवृत्त पाळक. “तुम्हाला पुस्तकांची आवड दिसते. या की,” त्या म्हणाल्या.

जावे असे वाटण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते मी त्या वेळी कोणास सांगितले नाही. आमच्या दिवाणखान्यात घराण्याची वंशावळ काचेच्या चौकटीत लावलेली आहे. पणजोबा धरून ते पाच भाऊ. चार फांद्यांवर चार नावे आहेत. पाचवी फांदी काढलेली आहे, पण तिच्यावर नाव नाही. लहानपणी मी आजोबांना त्याविषयी विचारले, तेव्हा ते “धाकटे काका बाटले” एवढे म्हणून पानाचा डबा उघडून बसले. पुन्हा विचारावयाची माझी छाती झाली नाही.

पहिल्या मंगळवारी मी निघालो, तेव्हा घरातून सूचना मिळाली, “जा, पण तिथे जाऊन वाद घालू नका.” मी वाद घातला नाही, पण फजिती मात्र करून घेतली. सवयीने पायरीशी चपला काढल्या आणि अनवाणी आत शिरलो. पाहतो तो सारी मंडळी बूट-चपलांसह बाकांवर बसलेली! परत फिरावे तर सर्वांच्या नजरा माझ्याकडे. सिस्टरने सरकून जागा दिली आणि हळूच सांगितले, “असू द्या, आमच्या खेडेगावातल्या चर्चमध्ये आम्हीही काढूनच बसतो.” त्या दिवशी थंडगार फरशीवर पाय टेकून मी दीड तास बसलो.

चाळीसेक माणसे होती. निम्म्यांहून अधिक हिंदी बोलणारी. म्हणून पाळकसाहेब हिंदीत बोलत, पण मराठी उतारा आला की तो मराठीतच वाचून दाखवीत. आधी प्रार्थना, मग ‘उपासनासंगीता’तील एक गीत. सोबतीला पेटी आणि तबला. चाल थेट आपल्या भजनाची. मला टाळ्यांचा ठेका आपोआप सापडला, आणि सापडला म्हणून थोडा संकोचही वाटला.

पहिले व्याख्यान गोव्याचे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. चाळीस वर्षांत त्याने मराठी इतकी आत्मसात केली की, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्याच्या हातून झाले. १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते म्हणून ते रोमन लिपीत छापले. पुढे त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, पण त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांच्या नकलांमुळे. १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापला गेला, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.

हे पुराण लिहावे लागले कशासाठी? नवख्रिस्ती लोकांपासून त्यांची जुनी पुराणे हिरावून घेतली होती. ‘आमची पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काय देता?’ असा प्रश्न ग्रंथातच एक श्रोता विचारतो. उत्तर म्हणून ओवी आली. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारे, मराठीची थोरवी मनापासून गाणारे हे पुराण एका परदेशी पाद्र्याने लिहिले.

पाळकसाहेबांनी दुसरी बाजूही झाकली नाही, हे नमूद केले पाहिजे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले. देवळे मोडली गेली. आणि ज्या भाषेवर स्टीफन्सने जीव टाकला, त्या स्थानिक भाषेचा वापर बंद पाडण्याचे फर्मान १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने काढले. “एकाच झेंड्याखाली एकाने भाषा उचलून धरली आणि दुसऱ्याने ती बुडवावयास काढली. दोघेही आमचेच म्हणावे लागतात,” असे ते म्हणाले. चर्चच्या व्यासपीठावरून असे वाक्य ऐकावयास मिळेल, अशी मी अपेक्षा केली नव्हती. पुढच्या मंगळवारी जावयाचे, हे त्याच वेळी ठरले.

दुसरे व्याख्यान बंगालातील श्रीरामपूरचे. विल्यम कॅरे हा मूळचा चांभारकाम करणारा इंग्रज. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवी. १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. या साऱ्यामागे वैजनाथ पंडित होते. ‘सिंहासनबत्तिशी’ही त्याच छापखान्यात, १८१४ साली, मराठीत छापून निघाली. म्हणजे पाद्र्याच्या यंत्रावर विक्रमादित्याच्या बत्तीस पुतळ्या बोलत होत्या! मराठी गद्य छापील पानावर पहिली पावले टाकीत होते, ते महाराष्ट्रापासून इतक्या दूर. परमुलखात राहून मराठी सांभाळण्याचा अभिमान आपण मिरवतो. त्या कामात आपल्या आधी कोण कोण होऊन गेले, याचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही.

तिसऱ्या मंगळवारी रंगपंचमीची गेर नुकतीच होऊन गेली होती. माझ्या कानामागे गुलाल राहिला होता आणि पाळकसाहेबांच्या बोटांवरही तो होता. त्या दिवशी विषय निघाला अहमदनगरचा. १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने तेथे ‘ज्ञानोदय’ सुरू केला. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांची दुःखे मांडली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. मग त्यांनी नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा उल्लेख केला, आणि मी सावरून बसलो. हे कोकणस्थ घराणे बुंदेलखंडात आणि काशीत स्थायिक झालेले, म्हणजे आपल्यासारखेच. शास्त्रीबोवा मिशनऱ्यांचे खंडन करावयास निघाले आणि १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ त्यांनी लिहिला. तोवर धर्मांतर म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे दुष्काळ, पोटाची आग आणि पदरी पडणारे धान्य एवढेच येत असे. ते खोटे नाही, पण सारे खरेही नाही. गोऱ्हेशास्त्र्यांना कोणी धान्याचे आमिष दाखविले नव्हते.

चौथ्या मंगळवारी सौभाग्यवतीही बरोबर निघाल्या, कारण विषय होता रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांच्या आईचे आवडते पुस्तक. ते कपाटात ज्ञानेश्वरीशेजारी असे. टिळकांची कथा वाचकांस ठाऊक आहे, म्हणून विस्तार करीत नाही. राजनांदगावच्या संस्थानात नोकरीस जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची भजने आजही अभंगाच्या वळणाने गायिली जातात. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी मुलासारखे वाढले.

परंतु त्या संध्याकाळी टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईच अधिक जवळच्या वाटल्या. नवऱ्याने धर्म बदलला आणि बाई एका दिवसात सवाष्ण असून एकाकी झाली. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या आग्रहाने नव्हे, आपल्या विचाराने. आणि लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईने पुढे मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ही त्यांनी साठांवर अध्याय रचून पुढे नेले. शेवट केला चिरंजीव देवदत्तांनी.

बोलता बोलता पाळकसाहेबांनी जुन्या घटस्फोटाचा अर्थ सांगितला. आज आपण तो शब्द नवराबायकोच्या फारकतीला वापरतो. पूर्वी धर्म सोडून गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा घट लवंडून फोडीत आणि तो जिवंत असता त्याचे क्रियाकर्म उरकीत. मग सुतक संपले, माणूसही संपला. सभागृहात कोणी खाकरले नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या दिवाणखान्यातील ती बिननावाची फांदी उभी राहिली. घरी परतताना सौभाग्यवती म्हणाल्या, “आपल्याकडेही फोडला असेल का हो घट?” मी उत्तर दिले नाही. फोडलेला असणार, हे दोघांनाही कळत होते.

पाचवे व्याख्यान पंडिता रमाबाईंचे. संस्कृतच्या पांडित्यामुळे कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळालेली, १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झालेली ही बाई उतारवयात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकली. कशासाठी? तर मराठी बायबल संस्कृतप्रचुर झाले आहे, ते माझ्या आश्रमातल्या खेडवळ पोरींना कळत नाही, म्हणून. दुष्काळातून उचलून आणलेल्या, विधवा झालेल्या, टाकून दिलेल्या त्या मुली. त्यांना समजेल अशी सोपी मराठी हवी, एवढ्यासाठी एका पंडितेने आपली पंडिती बाजूला ठेवली. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचा देहान्त झाला. तोवर काम पुरे होत आले होते. पुढे १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. आश्रमाच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासून सारे काम त्या बायकाच करीत असत.

हे ऐकताना मला आमच्या साहित्यसभांची आठवण झाली. मराठी टिकली पाहिजे म्हणून आम्ही ठराव करतो, आणि ठरावाची मराठी अशी असते की, नातवंडांना ती हिंदीत समजावून द्यावी लागते. रमाबाईंनी ठराव केला नाही. ज्यांना वाचावयाचे त्यांच्याकडे पाहून वाक्य लिहिले. भाषा राखण्याचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

सहावा मंगळवार प्रश्नोत्तरांचा होता. आरंभी पाळकसाहेबांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याविषयी चार शब्द सांगितले. ‘सुबोध बायबल’ लिहिणाऱ्या या वसईच्या धर्मगुरूला जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. त्या निवडीस विरोधही झाला. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. मग श्रोत्यांना विचारण्यात आले. कोणी उठेना, तेव्हा मीच उठलो. घरची सूचना आठवत होती, तरीही उठलो.

“रागावू नका, पण हे सारे भाषाप्रेम धर्मांतरासाठीच नव्हते काय? मराठी हे साधन, साध्य वेगळेच!”

बाकांवर थोडी चुळबुळ झाली. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत की रागावले नाहीत. ते या वेळी मराठीत बोलले. “होय. ते आपल्या देवाची गोष्ट सांगावयासच आले होते. ते आम्ही लपवीत नाही. लपवले तर खोटे ठरू. पण साधन म्हणून हातात घेतलेली वस्तू माणसाला बदलते, असा माझा अनुभव आहे. स्टीफन्स ओव्या लिहावयास बसला, तेव्हा मराठीनेही त्याला थोडे बाटवलेच की! आणि आता तुम्ही मला सांगा, आम्ही जे चार पिढ्या मराठी बोलतो, ते कोणाचे साधन?”

मला उत्तर सुचले नाही. समाधान झाले असेही म्हणत नाही. धर्म बदलावयास लावण्याचा उद्योग मला आजही रुचत नाही, आणि ते मी चहाच्या वेळी त्यांना सांगितलेही. त्यांनी ऐकून घेतले आणि बशीतले बिस्किट पुढे केले. मतभेद बिस्किटाने मिटत नाही, पण पुढे बोलणे शक्य होते. पूर्वी या शहरात तेवढेही सोपे नव्हते. १८७७ साली कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी येथे आले, तेव्हा होळकर दरबाराशी त्यांचे खटके उडत. तरी १८८७ साली त्यांचे कॉलेज उभे राहिलेच, आणि आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले त्यात शिकून नोकऱ्यांना लागली. कॉलेज आपण आपले मानले. चर्चकडे मात्र पाठ राहिली.

त्या रात्री मी ग्वाल्हेरला आत्यांना दूरध्वनी केला. त्यांनी नव्वदी ओलांडली आहे, कान मंद झाले आहेत, पण स्मरण खणखणीत आहे. “आत्या, वंशावळीतले ते पाचवे कोण?” पलीकडे बराच वेळ शांतता. फोन बंद झाला असे वाटून मी ठेवणार, तोच आवाज आला. त्यांनी नाव सांगितले. मग म्हणाल्या, “दर दिवाळीला त्यांचं पत्र येई. न फोडताच परत जाई. पाकिटावरचं अक्षर फार सुरेख होतं, असं आई सांगे. मोत्यासारखं मराठी. एवढं अक्षर कोणी बघितलं नाही रे नीट.”

ते नाव मी येथे देत नाही, कारण त्यांचे वंशज असतील तर त्यांची संमती मी घेतलेली नाही. पण वंशावळीची चौकट खाली उतरवली, सुताराकडून काच काढून घेतली आणि पाचव्या फांदीवर नाव लिहिले. माझे अक्षर मोत्यासारखे नाही. दोनदा कोऱ्या कागदावर गिरवून मग लिहिले. घरातील एकदोघांना ते आवडलेले नाही. “शंभर वर्षांनी हे कशाला?” असे ते विचारतात. त्यांना मी एवढेच सांगतो की, नाव लिहिल्याने आपला धर्म गेला नाही आणि त्यांचाही परत आला नाही. फांदीवर माणूस होता, एवढे मात्र दिसू लागले.

मराठीस अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद ऑक्टोबर २०२४ मध्ये आपण सर्वांनी पेढे वाटून केला. त्या अभिजात मराठीच्या वंशावळीतही अशा काही फांद्या आहेत. स्टीफन्स, पदमनजी, टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई ही नावे पाठ्यपुस्तकात आहेत, पण आपल्या आळीत राहणारी त्यांची माणसे आपल्याला ठाऊक नाहीत.

आता भाजीच्या गाडीवर मी सिस्टरशी मराठीत बोलतो. परवा त्यांनी कोथिंबिरीची चांगली जुडी मला निवडून दिली, आणि म्हणाल्या, “भाऊ, पुढच्या वर्षी चपला घालूनच या हं!”